दाहांक एकतीस

महानंदा जंगम यांचं पत्र मला गेल्या वर्षी मार्चमध्ये आलं आणि मी त्याला अकरा महिने उत्तर दिलं नाही. खरं तर मी पत्राला उत्तर न देणारा माणूस नाही. वाचनालयाच्या स्मरणपत्रालासुद्धा मी 'आपले पत्र पोहोचले' असं कळवतो. पण हे पत्र मी आधी टेबलावर ठेवलं, मग कपाटात, मग पुन्हा टेबलावर. ते हरवलं तर बरं होईल, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं.

महानंदाबाईंचा सांगलीत पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक दाबयंत्र, कागद कापायचं एक यंत्र आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी. त्या सतरंजीवर मांडी घालून, पुढे वाकून, बाईंनी पस्तीस वर्षं पुस्तकं शिवली. लोक आता बहुतेक सगळं पडद्यावर वाचतात, पण वाचनालयं अजून आहेत आणि माझ्यासारखी फाटकी पुस्तकं टाकून न देणारी माणसंही आहेत. मी मिरजेचा. एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. वीस वर्षं मी माझी पुस्तकं त्यांच्याकडे नेतोय. आमचं बोलणं फार होत नाही. मला बोलायचं सुचत नाही आणि त्यांच्या तोंडात बहुधा दोरा असतो.

पत्र असं होतं:

'ओतारीकाका यांस सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्याचं कारण, माझी कंबर दोन वर्षं झाली धरलीय. परवा बसवराजनं दवाखान्यात नेऊन तपासणी केली. दाहांक एकतीस आला. चाळीसच्या आत आहे म्हणून डॉक्टर म्हणाले, मणक्यात काही नाही. तेव्हापासून घरात माझं कोणी ऐकत नाही. बसवराज वाईट नाही, पण म्हणतो, आई, आकडा बघ. ती तपासणी तुमच्या प्रयोगशाळेत निघाली म्हणून तुम्हाला विचारते. खोटं कोण, मी का मशीन? जे असेल ते लिहा. मला राग येणार नाही.'

बसवराज हा त्यांचा मुलगा. आता हा दाहांक काय आहे ते सांगायला हवं.

आपल्या पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट कड्या आणि आत पाण्याने भरलेला मऊ गर. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आत रक्तवाहिनी पोहोचत नाही. तिथल्या थोड्याशा पेशी वरच्या-खालच्या हाडांतून झिरपणाऱ्या अन्नावर कशाबशा जगतात. वर्षानुवर्षं भार पडला, अन्न कमी पडलं, की या पेशी रासायनिक हाकाटी सुरू करतात. त्या हाकाटीला आम्ही इंटरल्युकिन, टीएनएफ वगैरे नावं दिली आहेत. शरीरात एरवी जखम झाली की हीच रसायनं मदत बोलावतात. चकतीत मात्र मदत पोहोचायला वाट नसते. उलट त्या रसायनांमुळे तिथली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, जागी होतात आणि पाणी धरून ठेवणारा गरच कापायला लागतात. पाणी कमी झालं की भार आणखी बोचतो, पेशी आणखी ओरडतात. पुढे बाहेरच्या कड्यांना चिरा पडतात आणि एरवी तिथे नसणारे मज्जातंतू आत वाढतात. मग माणूस कंबर धरून बसतो.

अडचण अशी होती की हे बाहेरून ओळखता येत नव्हतं. एमआरआयमध्ये झिजलेली चकती दिसते, पण तशी चकती असलेली कित्येक माणसं मजेत फिरत असतात. रक्तातला नेहमीचा दाह मोजावा, तर तो किडक्या दातानेही वाढतो. आमच्या संस्थेत डॉ. झरीन मुजावर नावाच्या तरुण संशोधिकेने यातून वाट काढली. चिडलेल्या पेशी सूक्ष्म पिशव्या बाहेर टाकतात, त्यांतल्या थोड्या रक्तात उतरतात आणि त्यांच्यावर चकतीच्या पेशींचा शिक्का असतो. बोटातल्या रक्ताच्या थेंबात त्या पिशव्या मोजायच्या आणि आतली रसायनं तपासायची. जो आकडा येतो तो दाहांक. चाळीसच्या वर म्हणजे चकती धुमसते आहे. मग तिच्यात सुईने एक जेल सोडतात, ते वर्षभर ती हाकाटी दाबून ठेवतं. चाळीसच्या आत असेल तर सुई लावायची नाही, कारण शांत चकतीला सुई टोचली तर तीच झिजायला लागते. म्हणून ती रेषा महत्त्वाची.

तपासणी सात वर्षांपूर्वी बाजारात आली आणि लोकांच्या बोलण्यात शिरली. एसटीचे चालक आकडा दाखवून रजा मागू लागले. आमच्या शेजारच्या मुलीच्या स्थळाकडून पत्रिकेबरोबर दाहांक मागवला गेला. आमची ही, म्हणजे नलिनी, कोणी कुरकुर करू लागलं की म्हणायची, "आकडा किती? नाहीतर दुखत नाही म्हणायचं." सगळे हसत. मीही हसलो आहे.

मार्चमध्ये मी उत्तर दिलं नाही त्याचं कारण साधं होतं. मला वाटत होतं की मशीन बरोबर आहे, आणि हे बाईंना कसं लिहायचं ते सुचत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एक जुना शब्दकोश घेऊन मी सांगलीला गेलो. महानंदाबाई उभ्याने, टेबलावर वाकून शिवत होत्या. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. बसवराज मापं लिहीत होता.

"या काका," बाई म्हणाल्या. "बरेच दिवसांनी."

पत्राचं नाव त्यांनी काढलं नाही. मी शब्दकोश पुढे केला. त्यांनी पाठ उलटून बघितली. "शिवण पार गेलीय की. पण पानं धडधाकट हायत."

बसवराजला मात्र राहवलं नाही. "काका, तुम्हीच सांगा हिला. जिल्हा वाचनालयाचं चारशे पुस्तकांचं काम परत पाठवते म्हणते. दुखतंय म्हणे. एकदा सोडून दोनदा तपासणी केली. पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा तीस. मन मोकळं करायला दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंकडं पाठवली, तर तिथनं उठून आली."

"ती पोरगी मला विचारती, नवऱ्याशी पटतं का," बाई म्हणाल्या. "म्हटलं, तो जाऊन नऊ वर्षं झाली, आता चांगलं पटतंय."

बसवराज हसला नाही. "काका, तुम्ही त्यातले. आकडा खोटा असतो का?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसला. "आकडा तसा..." मी म्हणालो, "विश्वासार्ह आहे."

"बरं," बाई म्हणाल्या आणि शब्दकोश उचलून फळीवर ठेवला. फळी जरा उंच होती. हात वर नेताना त्यांनी दुसऱ्या हाताने टेबल घट्ट धरलं. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी चपलेचा पट्टा लावायला वाकलो आणि तसाच राहिलो. वर येता येईना. नलिनीने गरम पाण्याची पिशवी आणली, मला भिंतीला टेकवलं आणि बडबडायला लागली.

"नोकरीत होता तेव्हापासनं हेच. रोज संध्याकाळी ही पिशवी. स्टुलावर बसून बसून वाट लावली कमरेची. आणि कुणी विचारलं की, छे, काही नाही."

"कोणी विचारलं?"

"कुणी का असंना. तुम्ही काही नाहीच म्हणणार. मोडून पडलात तरी 'काही विशेष नाही' म्हणाल."

मला एक छापील रकाना आठवला. 'पाठ किंवा कंबर दुखते का?' त्यापुढे माझ्या अक्षरात 'नाही'.

निरोगी माणसाचा दाहांक किती असतो ते ठरवायला आम्हाला तीस निरोगी माणसं हवी होती. छोट्या प्रयोगशाळांत अशा वेळी जे करतात तेच आम्ही केलं. बाहेरून माणसं शोधण्याऐवजी स्वतःच बाह्या वर केल्या. तंत्रज्ञ, शिपाई, ग्रंथपाल, दोन वाहनचालक, कॅन्टीनच्या मावशी. फॉर्म मी वाटले, मीच गोळा केले. तीसही जणांनी 'नाही' लिहिलं होतं. मग आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले आणि सगळे ज्याच्या आत मावतात तिथे रेषा मारली. सगळ्यात वरचा आकडा एकोणचाळीस होता. नमुना क्रमांक सतरा. नमुन्यांवर नावं नव्हती, पण यादी माझ्याकडे होती. सतरा म्हणजे मी.

तेव्हा तो आकडा बघून मी चपापलो होतो. वाटलं, माझाच हात चुकला असणार. मी तो नमुना तीनदा चालवला. तिन्ही वेळा तेच. तरी मी कोणाला काही बोललो नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या बैठकीत आपण उठून काय सांगायचं, की माझी कंबर दुखते? गरम पाण्याची पिशवी त्या दिवसांत माझ्या खणात असायची.

पुढे चूक उघडी पडली नाही, कारण जेल दिलं ते फक्त चाळीसच्या वरच्यांना, आणि त्यांना गुण आला. तपासणी अचूक आहे असं सगळ्यांना वाटलं. चाळीसच्या आतल्यांचं काय झालं ते बघायला कोणी गेलंच नाही. ती माणसं घरी गेली होती.

पण मी एकटा असेन तर? एका माणसाच्या आकड्यावरून केवढं रामायण करायचं? मी पुस्तकी माणूस, मला नसत्या शंका फार येतात. म्हणून आधी विचारायचं ठरवलं. फोन करायचा म्हटलं की मला घाम फुटतो. पहिला फोन केला तो आमच्या जुन्या शिपायाला, कोळेकरला.

"कोळेकर, त्या वर्षी आपण सगळ्यांनी रक्त दिलं होतं. तेव्हा तुमची कंबर दुखायची का?"

"दुखायची की सर. सिलिंडर कोण चढवायचं मग?"

"फॉर्मवर तुम्ही 'नाही' लिहिलंय."

"आता ते काय दुखणं म्हणायचं व्हय? सगळ्यांचीच दुखतीया."

कॅन्टीनच्या मावशी म्हणाल्या, "सकाळी उठताना अर्धा घंटा कळ यायची बघा. पण तुम्ही आजार विचारला होता, कंबर कुठं विचारली?"

"कंबरच विचारली होती मावशी."

"असंल. मला वाटलं, साहेबलोकांचं काहीतरी असंल."

ग्रंथपाल देसाई तर चिडले. "ओतारी, संस्थेच्या कागदावर मी माझ्या कमरेचं रडगाणं लिहू?"

तीसपैकी सव्वीस जण सापडले. माझ्यासकट अकरा जणांची कंबर तेव्हा दुखत होती. अकराही जणांनी 'नाही' लिहिलं होतं. कोणी खोटं बोलायचं म्हणून बोललं नव्हतं. आमच्याकडे कंबरदुखी दुखण्यात धरतच नाहीत.

यादी घेऊन मी संस्थेत गेलो. डॉ. मुजावर आता संचालिका आहेत. त्यांच्या खोलीबाहेर मी वीस मिनिटं उभा होतो. शेवटी त्या स्वतःच दार उघडून बाहेर आल्या.

"ओतारी सर! बाहेर काय उभे? आत या ना."

मी कागद पुढे ठेवला. सांगायचं ते मनात पाठ केलं होतं, पण मधूनच सुरुवात झाली. त्यांनी न तोडता ऐकलं. मग यादी दोनदा वाचली.

"तुम्ही सतरा नंबर."

"हो."

"तीनदा चालवला होतात तो नमुना. मला आठवतंय, रजिस्टरमध्ये तीन नोंदी बघून मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खात्रीसाठी."

"हो."

"सर, इतकी वर्षं का नाही बोललात?"

"मला वाटलं, माझंच चुकत असेल."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं, आता रागावतील. रागावायला हवंच होतं. त्यांचं उभं आयुष्य या आकड्यात होतं.

"तुमचा एकही नमुना कधी चुकलेला मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या इमारतीला ते माहीत होतं. तुम्ही सोडून." मग यादी स्वतःकडे ओढून घेतली. "चूक माझी जास्त आहे. माणसांना तपासायला पाहिजे होतं. मी कागद तपासले. बरं, आता रडत बसण्यात अर्थ नाही. नवीन माणसं घेऊ. या वेळी फॉर्म नाही. फिजिओथेरपिस्टसमोर प्रत्येकाला वाकवायचं."

त्या कामात मी रोज जाऊन बसत असे. बिनपगारी, कोपऱ्यातल्या जुन्या स्टुलावर, पाठीला उशी लावून. एका गावातून एकशे वीस माणसं आणली. त्यांतली त्रेपन्नच खरी निरोगी निघाली. बाकीची वाकवल्यावर "आई गं" म्हणाली आणि लगेच "काही नाही, काही नाही" म्हणाली. ते ऐकून तरुण फिजिओथेरपिस्ट बाई हसायच्या आणि पुढचा माणूस घ्यायच्या. खरं सांगायचं तर इतके आनंदाचे दिवस मी नोकरीतही पाहिले नव्हते.

पण या काळात मी सांगलीला पत्र लिहिलं नाही. आशा दाखवायची आणि मग रेषा आहे तिथेच निघाली तर? पाच-सहा वेळा कागद पुढे घेतला आणि बाजूला ठेवला.

जानेवारीत नवी रेषा निघाली. सत्तावीस. ज्यांचा आकडा सत्तावीस आणि चाळीसच्या मध्ये होता त्या सगळ्यांना, राज्यभर, फेरतपासणीला बोलावण्याचे संदेश गेले. डॉ. मुजावरांनी पत्रकार परिषदेत चूक सांगितली, नाव स्वतःचं घेतलं. माझं घेतलं नाही. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि मला उठायला हवं होतं. उठलो नाही.

मला वाटलं, महानंदाबाईंचं काम झालं. आता पत्राची गरज उरली नाही. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. आठ दिवसांनी बसवराजचा फोन आला.

"काका, आई तपासणीला यायला तयार नाही. तीन संदेश आले, तिन्ही पुसून टाकले."

"का?"

"म्हणते, मशीननं एकदा सांगितलंय. मी हात जोडले काका. म्हटलं, माझं चुकलं, चल. तर म्हणते, मशीनचं राहू दे, ओतारीकाकांनी पण सांगितलंय. ते मशीनच्या घरचे असून खोटं बोलणार नाहीत. म्हणजे माझ्याच डोक्यात आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाचनालयाचं काम परत गेलं. आता म्हणते, दाबयंत्र विकून टाक. दुखतंय असं तोंडानं म्हणत नाही. पण जिना बसून उतरते."

बसवराजकडून बाईंचा जुना एमआरआय मागवून मी डॉ. मुजावरांना दाखवला. गरात पाणी होतं. "जेल ओल्या चकतीतच काम करतं, सर," त्या म्हणाल्या. "एकदा वाळली की काही उपाय नाही. या उन्हाळ्याच्या आत आणा त्यांना."

मी लिहायला बसलो. दोन दिवसांत अकरा पानं झाली. पिशव्या, विकरं, नमुन्यांची संख्या, रेषा कशी काढतात, सगळं आलं. नलिनीने डाळ निवडता निवडता वाचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पुस्तक छापा. पण त्या बाईनं विचारलं काय होतं?"

"खोटं कोण, मी का मशीन."

"मग ह्यात उत्तर कुठल्या पानावर आहे?"

मी पानं चाळली. नव्हतं.

"समक्ष का नाही जात?" तिने विचारलं.

गेलो होतो. दोनदा बसने सांगलीला जाऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून परत आलो होतो. समोर उभा राहिलो की मी पुन्हा चष्मा पुसणार आणि काहीतरी अर्धवट बोलणार. त्यांनी लिहून विचारलं होतं. लिहूनच सांगायला हवं होतं.

शेवटी एक पान झालं.

'सौ. महानंदाबाई जंगम यांस' असं लिहिलं आणि 'सौ.' खोडलं. पुन्हा कोरा कागद घेतला.

'श्रीमती महानंदाबाई जंगम यांस नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला अकरा महिने लागले, याची क्षमा मागतो. तुम्ही विचारलं होतं, खोटं कोण. तुम्ही नाही. मशीनही नाही, त्याने एकतीस मोजलं ते बरोबर मोजलं. खोटं मी लिहिलं होतं. कोणाची कंबर निरोगी हे ठरवायला आम्ही स्वतःचं रक्त दिलं, तेव्हा माझी कंबर दुखत असून मी "नाही" असं लिहिलं. माझ्यासारखे आणखी दहा जण होते. आमच्या दुखण्याला आम्ही निरोगी म्हटलं आणि त्यावर रेषा मारली, म्हणून तुमचं दुखणं तिच्या आत बसलं.

ऑगस्टमध्ये तुमच्या कारखान्यात मी जे बोललो ते न समजता बोललो. फळीवर पुस्तक ठेवताना तुम्ही टेबल धरलंत, ते मी पाहिलं होतं. ते आकड्यापेक्षा खरं होतं आणि मी आकड्याचं नाव घेतलं. ते माझे शब्द कृपा करून धरू नका.

आता तपासणीला जा. नवा आकडा किती येईल ते मी सांगू शकत नाही. तो कितीही आला तरी तुम्ही दोन वर्षं सांगत होता ते खरंच होतं, हे त्यावर अवलंबून नाही. डॉ. मुजावर स्वतः तुम्हाला भेटतील. उन्हाळ्याच्या आत जायला हवं. तुम्ही म्हणालात तर मीही बरोबर येईन. माझीही कंबर दुखते.

आपला, मनोहर ओतारी.'

नलिनीने ते वाचलं आणि तिकीट आणून दिलं.

दुपारी चालत टपाल कचेरीत गेलो. पेटीच्या तोंडात पाकीट घातलं आणि त्याचं टोक हातात धरून उभा राहिलो. वाटलं, 'कृपा करून' हा शब्द जरा औपचारिक झाला का? उघडून बघावं का? माझ्या मागे एक बाई हातात पाकीट घेऊन उभ्या होत्या.

"आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो," म्हणालो आणि सोडून दिलं.